पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत

माझी लेक भोरच्या दवाखान्यात जन्मली तेव्हा पालीला भातकापणी जोरात होती. त्यामुळे तिचा बाप तिला बघायला आला तो तिसऱ्या दिवशी, आणि तोही डाव्या हाताला फडकं गुंडाळून. कापताना विळा तळहातात घुसला होता. त्याने वाकून बाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "लई बारकी हाय की गं."

"घ्या की," मी म्हटलं.

तो हात धुवायला बाहेर गेला. येईपर्यंत बाळ झोपलं होतं. "ऱ्हाऊ दे, उठवू नगंस. आता कुठं जातीय ती," असं म्हणून तो दुपारच्या एसटीने परत गेला. कापलेलं भात शेतात पडून होतं, त्याला थांबता येणार नव्हतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे साडेतीन महिने त्याने लेकीला हात लावला नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दवाखान्यातून मी भोंगवलीला आले. पाली माझं सासर, राजगडाच्या पायथ्याचं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. माहेर आणि सासर यांच्या मधे कापूरहोळचा फाटा, जिथे दोन्हीकडच्या माणसांना गाडी बदलावी लागते. नव्वदचं दशक सरत आलं होतं, गावात फोन एक-दोन घरांत, आणि निरोप बहुतेक माणसांच्याच तोंडी यायचे.

आईने पाचवी पुजली. रोज सकाळी ती बाळाला पायावर घेऊन तेल लावायची, टाळू भरायची आणि नाळेला हळद-तेलाचं बोट लावायची. आठव्या दिवशी नाळेभोवती लाली दिसली. संध्याकाळपर्यंत पोट तापलं आणि बाळाने दूध ओढायचं सोडलं. भोरच्या डॉक्टरांनी बाळाला उघडं करून बघितलं आणि आईला विचारलं, "नाळेला काय लावलंत?"

"हळद आन् तेल. समद्यास्नी हेच लावलं आमी. हिला बी लावलं हुतं," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "पुण्याला न्या. उद्या नको, आत्ताच."

पुण्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत ठेवलं. हाताला, पायाला, आणि एकदा तर डोक्याला सुई. मी काचेबाहेर उभी. ती रडायची, पण आवाज बाहेर यायचा नाही, नुसतं तोंड उघडलेलं दिसायचं. ते बघून इकडे माझा पदर भिजायचा. पहिले काही दिवस तिला तोंडाने काही द्यायचं नव्हतं. नंतर मी वाटीत दूध काढून द्यायची आणि नर्स चमच्याने पाजायची. माझं दूध दुसऱ्याच्या हाताने तिच्या तोंडात जाताना बघायचं, असं माझं बाळंतपण चाललं होतं. पोट मोकळं आणि मांडीही मोकळी. बसल्या जागी मी नकळत डुलायची, मांडीवर मूल असल्यासारखी, आणि कुणी बघितलं की थांबायची.

तिसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, माझ्या नवऱ्याबरोबर आल्या. त्यांना नाळेचं कळलं होतं. व्हरांड्यात सगळ्यांसमोर त्या आईला म्हणाल्या, "इहीणबाई, शिकल्याल्या लेकीची आई तुमी, आन् नाळंला हळद फासता?"

आईने मान खाली घातली. त्या दिवसापासून ती काचेजवळ यायची थांबली. जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. मी "चल बघू" म्हटलं की म्हणायची, "तू बघून ये. म्या हितंच बरी."

मुलांच्या डॉक्टर मॅडम होत्या, पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं. "रक्तात पांढऱ्या पेशी असतात," त्या म्हणाल्या, "त्यातली एक जात जंतूंशी लढते. तुमच्या मुलीच्या रक्तात ती जात जवळजवळ नाहीच. आधी वाटलं, नाळेच्या आजारात संपल्या असतील. पण आता ताप उतरला, नाळ सुकत आली, तरी त्या वाढत नाहीत. हाडातला मगज तपासला, तिथं पेशी तयार होतायत. म्हणजे तयार होऊन बाहेर आल्या की काहीतरी त्यांना मारतंय."

"काय मारतंय?" नवऱ्याने विचारलं.

"ते तुम्हा दोघांच्या रक्तावरून कळेल."

आमचं रक्त घेतलं आणि मुंबईला पाठवलं. रक्त देताना नवऱ्याने बाही वर केली तेव्हा मॅडमचं लक्ष त्याच्या फडक्याकडे गेलं. त्यांनी ते सोडायला लावलं. जखम चिघळली होती, कडेला पू होता. मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हा हात घेऊन तुम्ही तिच्या जवळपासही फिरकायचं नाही. तुम्हाला यानं नुसतं ठणकतं. तिच्या जिवावर बेतेल."

त्याने हात पाठीमागे घेतला, चोरी करताना सापडल्यासारखा. त्याच दिवशी तिथेच त्याला मलमपट्टी आणि गोळ्या मिळाल्या. पण तो हात त्याने पुढे कितीतरी दिवस पाठीमागेच धरला, जखम भरल्यावरही.

आठवडाभराने मुंबईचा कागद आला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि मग आम्हाला सांगितलं, शाळेतल्या बाई सांगतात तसं, न घाई करता. मुलीच्या पेशींवर बापाकडून आलेली एक खूण होती. ती खूण माझ्या पेशींवर नव्हती. मुलगी पोटात असताना तिच्या थोड्या पेशी माझ्या रक्तात उतरल्या, माझ्या अंगाला त्या परक्या वाटल्या, आणि त्याने त्यांना मारणारी प्रतिपिंडं तयार केली. ती वारेतून तिच्या अंगात गेली आणि अजून तिथे होती.

"म्हंजी म्याच…" माझ्या तोंडून एवढंच आलं.

"तुम्ही काही केलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "यांनीही नाही. कुणाच्या हातातलं नाही हे. आणि नाळेला हळद लावू नये हे खरं, पण नुसत्या हळदीनं पेशी जात नाहीत. पेशी नव्हत्या म्हणून नाळ एवढी बिघडली. आणि दुसरं ऐका. ती प्रतिपिंडं तुमची आहेत, तिची नव्हेत. तिच्या अंगात ती नव्याने तयार होणार नाहीत. हळूहळू झिजून जातील. दोन महिने लागतील, तीन लागतील, कधी जास्त. तेवढे दिवस तिला जपायचं. अंगावर पाजा, त्यात काही भीती नाही."

मी बाहेर येऊन पायरीवर आईशेजारी बसले. "आई, हळदीनं न्हाई झालं. डॉक्टरनी सांगितलं."

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग कशानं?"

"माज्यामुळं."

तिने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नगंस," म्हणाली, आणि मग स्वतःच रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, हळदीचा आरोप तिच्या डोक्यावरून उतरला म्हणून ती रडतेय. आज मला वाटतं, तो माझ्या डोक्यावर आला म्हणून ती रडत होती.

पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली. पेशी चढल्या आणि पुन्हा उतरल्या. पण ताप परत आला नाही, तेव्हा मॅडमनी घरी सोडलं. सोडताना बजावलं: मूल एकाच खोलीत, जवळ आई आणि फार तर आणखी एक माणूस, हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन. सर्दी-खोकला, गळू, जखम असलेलं कुणी नको. गर्दी नको. धुरी नको. बारसं नको.

पालीला जाणं शक्यच नव्हतं. थंडीत आमचं ते घर म्हणजे धर्मशाळा. शनिवार-रविवारी गडावर येणारी पुण्याची पोरं ओटीवर पडलेली असायची, आत्याबाई चुलीपुढे पिठलं-भाकरी करत असायच्या, कुणी खोकतंय, कुणी गुडघा फोडून आलंय. त्यावर घर चालायचं, त्यांना नको म्हणता येत नव्हतं. म्हणून मी भोंगवलीलाच राहिले. वडिलांनी धान्याची खोली रिकामी करून चुना दिला, खिडकीला पातळ जाळी मारली. त्या खोलीत मी, बाळ, आणि मदतीला आई. आई आत यायची, पण बाळाला उचलायची नाही. दुपटी उकळून आणायची, दाराशी ठेवायची आणि मला म्हणायची, "तूच घाल आंगूळ. माजा हात नगं."

लेक माझ्या हातात आली होती. ज्यासाठी काचेबाहेर जीव तुटला होता ते मिळालं होतं. आणि आता दुसरी ओढ लागली.

नवरा बुधवारी यायचा. मधला वार, गडाला माणसं नसायची. पालीहून जीपने निघायचा, कापूरहोळला गाडी बदलायचा आणि जेवणवेळेला भोंगवलीत पोचायचा. येताना नाचणीचं पीठ, हातसडीचा तांदूळ, एकदा मोहोळातला मध घेऊन आला. अंगणात शेवग्याखाली पोतं टाकून बसायचा. मी खिडकीत. मधे दहा पावलं. मी बाळाला खिडकीशी धरलं की तो उठून उभा राहायचा आणि डोक्यावरची टोपी काढायचा, का कोण जाणे. ती जाळीकडे टकटक बघायची.

"माज्याकडं बघती का?"

"शेवग्याकडं बघती."

"बघू दे. शेवगा बी आपलाच."

दीड वर्षात आम्ही बोललो नव्हतो ते त्या अंगणात बोललो. पालीच्या घरात बोलायला जागा कुठे होती? सकाळी तो शेतावर, मी चुलीवर, आणि सुट्टीच्या दिवशी पाहुणे. इथे त्याला करायला काही नव्हतं आणि मला हलता येत नव्हतं. त्याने सांगितलं की बारावीला तो नापास झाला तेव्हा दोन दिवस गडावर एकटा राहिला होता, टाक्याचं पाणी पिऊन, आणि घरी सांगितलं मित्राकडे होतो. मी सांगितलं की मला डी.एड. करायचं होतं, नंबर लागला होता, आणि त्याच वर्षी स्थळ आलं. तो बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "कुनी सांगितलंच न्हाई मला."

"इचारलंत कुठं?"

उन्हं शेवग्याच्या पलीकडे गेली की तो उठायचा. शेवटची जीप चुकली तर कापूरहोळला गाडी मिळायची नाही. तो वाटेला लागला की मी खिडकीतून त्याची पाठ बघायची. त्याच्या सदऱ्याला भाताच्या पेंढ्याचा वास यायचा, तो आठवायचा प्रयत्न करायची. दहा पावलांवरून वास येत नाही. गुरुवार सगळ्यात वाईट जायचा. मंगळवारपर्यंत मन जरा सावरायचं आणि बुधवारी सकाळी मी वेणी दोनदा घालायची.

दर पंधरा दिवसांनी भोरच्या दवाखान्याचा माणूस येऊन बाळाचं रक्त न्यायचा. पेशी थोड्या वाढायच्या, पुन्हा घसरायच्या. हा शब्द गावाला पाठ झाला. बायका कुंपणापलीकडून आईला विचारायच्या, "पेशी आल्या का वं?" आणि आई सांगायची, "न्हाई अजून," जणू कुणी पाव्हणी मंडळी वाटेत अडकली आहेत.

पौषात नवऱ्याचा हात पुरता बरा झाला. तळव्यावर नुसता पांढरा वण राहिला. आईच म्हणाली, "जावईबापू, हात धुवा आन् आत या. डाक्टर बापाला न्हाई म्हनल्याल्या न्हाईत." तो जागचा हलला नाही.

"खोकला हाय मला," म्हणाला. दोन तासांत तो एकदाही खोकला नव्हता.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी मी चिडले. "लेकीची किळस येती का तुमाला?"

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा बघून मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले. "माजीच खूण तिला बाधली न्हवं?" तो म्हणाला. "वर त्यो हात. म्या लांब हाय तवर ती बरी हाय. कशाला जवळ जाऊ?"

"आन् त्या खुणंवर उठलं कोन? माजं रगत. मंग म्या बी टाकून जाऊ का हिला?"

तो उठला आणि जीपची वेळ नसतानाही निघून गेला. त्यानंतरच्या बुधवारी आला नाही. ज्वारी हुरड्यात आली होती, घरोघर आगट्या पेटल्या होत्या, आणि मी त्या खोलीत बसून वाटेकडे बघत होते. असं वाटलं की मीच काहीतरी तोडून टाकलं. त्याच्या पुढच्या बुधवारी तो आला, पोतं टाकून बसला आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "म्हस याली. रेडी झाली." मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून हसले. हसताना रडू येत होतं ते त्याला दहा पावलांवरून दिसलं नसावं.

फाल्गुनात मॅडमनी तपासायला बोलावलं. मी, आई आणि बाळ कापूरहोळला आलो, तिथे तो येऊन थांबला होता. एसटीत आम्ही पुढे बसलो आणि तो तीन बाकं मागे. पुण्याला रक्त घेतलं, दुपारी कागद आला. मॅडमनी चष्मा वर केला आणि पहिल्यांदा हसल्या. "वाढल्या. मागच्या वेळीही बऱ्या होत्या, आता अगदी इतर बाळांसारख्या आहेत. जा, बारसं करा. सगळ्यांना घेऊ द्या."

आईने तिथल्या तिथे मॅडमचे पाय धरले. मॅडम संकोचून मागे सरकल्या. मग आई वळली आणि माझ्या हातातून बाळ घेतलं. आठव्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तिच्या गळ्यात तोंड खुपसून आई नुसती हुंगत राहिली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो दाराशी उभा होता, डावा हात पाठीमागे.

परतीला कापूरहोळला उतरलो. इथून त्याला पालीकडची जीप, आम्हाला भोंगवलीची. आमच्या गाडीला वेळ होता. धाब्याबाहेरच्या बाकड्यावर आम्ही बसलो. समोर ट्रकचं चाक काढून ठोकत होते, हमरस्त्यावर गाड्या धावत होत्या. ज्या गर्दीपासून तिला इतके दिवस लपवलं ती सगळी तिथे होती. आई पाणी आणायला गेली. मी उठले आणि काही न सांगता बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, अगं…"

"धरा. पडंल," मी म्हटलं आणि चालायला लागले. गॅरेजच्या पत्र्याआड जाऊन उभी राहिले.

तिकडून बघितलं तर तो दगडासारखा बसला होता, दोन्ही हात बाकड्यावर टेकवून, मांडीवर मूल. ती चुळबुळली, कलंडली, आणि मग त्याला हात काढावेच लागले. आधी उजवा आणि मग डावा. तिने त्याच्या सदऱ्याचं बटण पकडलं आणि तोंडात घालू लागली. तो इकडेतिकडे बघत होता, मला शोधत असावा. मग शोधायचं थांबला. खाली वाकून तिला काहीतरी सांगायला लागला. काय सांगत होता ते चाकाच्या ठोकाठोकीत ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. पालीची जीप आली, भरली आणि निघून गेली. तो उठला नाही.

त्या दिवशी तो आमच्याबरोबर भोंगवलीलाच आला. चैत्रात पालीला बारसं झालं. आत्याबाईंनी आधी पाळण्याची दोरी माझ्या आईच्या हातात दिली. "तुमी म्हना पाळणा, इहीणबाई," एवढंच म्हणाल्या. माफी त्यांच्या भाषेत तशीच मागतात.

मग संसार सुरू झाला. पाहुणे, पिठलं, भात, म्हशी. डी.एड. मी दोन वर्षांनी केलं, त्याने स्वतः भोरला जाऊन फॉर्म आणला. तो चांगला नवरा झाला, चांगला बाप झाला. पण एका घरात राहून आम्ही पुन्हा कधी तसं बोललो नाही. कामाचं बोलायचो, पोरीचं बोलायचो. कधीतरी भाकरी थापताना बुधवार आहे हे ध्यानात यायचं आणि परसात गोठा झाडणाऱ्या त्या माणसाची मला इतकी आठवण यायची की हात थांबायचा. दहा पावलांवर तर होता. हाक मारली असती तर आलाही असता. पण काय म्हणून बोलवायचं?

दुसरं मूल मला हवं होतं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पुन्हा तसंच होऊ शकतं, पण आता माहीत आहे, तयारीत राहू. तो दोन वर्षं नाही म्हणाला. वाद घातला नाही, नुसता नाही म्हणाला. लेक शाळेत जायला लागली तेव्हा एक दिवस आपणहून म्हणाला, "मॅडमला इचारून बघू."

मुलगा पुण्यालाच झाला. पेशी याच्याही कमी निघाल्या, पण पहिल्या दिवसापासून लक्ष होतं. नाळ धड राहिली, ताप आला नाही आणि दोन महिन्यांत सगळं जागेवर आलं. ऑपरेशन करावं लागलं होतं, मी आडवी होते, कुशीवर वळता येत नव्हतं. बाळाला आणलं तेव्हा नवरा नळाशी होता, कोपरापर्यंत साबण लावून. नर्सने त्याच्याकडे बाळ दिलं. तो खिडकीशी गेला, उजेडात धरून त्याचं नाक बघितलं, बोटं मोजली, त्याला काहीतरी सांगायला लागला.

"इकडं आना की," मी म्हटलं.

"थांब गं जरा," तो वळूनही न बघता म्हणाला, आणि मी हात पुढे करून थांबून राहिले.